मोठ्याने वाच

माझे वडील, म्हणजे आमचे भाऊ, देवासहून धारला आले ते इंजिन चालू ठेवूनच. फाटकापाशी गाडी थांबली, भाऊ उतरले, पण चावी काही त्यांनी फिरवली नाही. मी ओटीवरून खाली धावले. वाकून नमस्कार करणार तोच म्हणाले, "राहू दे. बंद केली तर इथेच बसेल ही महाराणी. नीलेश कुठे आहे?"

मी तिथेच थबकले. लग्न झाल्यापासून भाऊंनी माझ्या नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. "जावईबापू" आणि अहो-जाहो, फोनवरसुद्धा. शिवाय लेकीकडे येताना भाऊ रिकाम्या हाताने येत नाहीत. शेव तरी असते, नाहीतर माईने बांधून दिलेला एखादा डबा. आज हातात फक्त व्होल्ट मोजायचा मीटर होता, त्या जुन्या चामडी पिशवीतला, कारखान्यातून निवृत्त होताना बरोबर आणलेला.

कशाबद्दल आलेत ते मला ठाऊक होतं. ती पांढरी मारुती नीलेशनेच त्यांना गणपतीत मिळवून दिली होती. पीथमपूरचा कारखाना बंद पडल्यापासून नीलेश जुन्या गाड्या घेऊन विकायचं काम करतो. घराशेजारच्या मोकळ्या जागेत दोन-चार गाड्या उभ्या असतात. ही गाडी कुक्षीच्या एका डॉक्टरची, लेकीसारखी जपलेली. नीलेशने ती सासऱ्यासाठी म्हणून बाजूला काढली, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवलीसुद्धा नाही. महिनाभर भाऊ खूष होते. दसरा झाला आणि गाडी बिघडली. सकाळी चावी फिरवली की नुसतं कट् कट् वाजायचं. मग कॉलनीतले लोक धक्का मारायचे.

आता सांगायला हवं की भाऊ देवासच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटचे फोरमन होते. मोटर जळली, पॅनेल बसलं, की अर्ध्या झोपेतून त्यांनाच बोलावणं यायचं. आणि त्यांच्याच हाताखाली काम केलेली माणसं आता रोज सकाळी दात काढून विचारत होती, "भाऊ, धक्का मारू का?" माईने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. भाऊंना ते किती लागलं असेल याचा मी विचारच केला नाही.

पण आजचा दिवस! नेमके आज भैयासाहेब आमच्या ओटीवर बसलेले होते. दरबारी घराणं, आता जमीनजुमला फारसा नाही, पण धारमध्ये त्यांचा शब्द चालतो. ते आपल्या मुलासाठी जीप बघायला आले होते. भैयासाहेबांनी नीलेशकडून गाडी घेतली असं एकदा कळलं की सगळी गल्ली विश्वासाने येणार, हे नीलेश मला कितीदा तरी म्हणाला होता. सकाळपासून त्याने ती जीप पुसून पुसून आरशासारखी केली होती.

सासूबाई, भवानीबाई, तांब्या-भांडं घेऊन आल्या. "या भाऊसाहेब. पाणी घ्या."

"नको," भाऊ म्हणाले. बसलेही नाहीत.

आमच्या माळव्यात शत्रू दारात आला तरी पाणी घेतो. सासूबाईंनी तांब्या कठड्यावर ठेवला. मी कोणाकडेही बघू शकले नाही.

नीलेश जीपमागून हात पुसत आला, पाया पडायला वाकला. भाऊ मागे सरले.

"भाऊ, पहिले बैठा तर," तो म्हणाला. "गाडी को देख लेंगे. कुठे पळून नाही चालली ती."

"पळेल कशी? धक्का मारल्याशिवाय हलत नाही." भाऊंचा आवाज कारखान्यातला, मशिनच्या गोंगाटावर चढवायची सवय झालेला. "मी काय कुणी अडाणी वाटलो तुला? रोज रात्री मोजतो, रोज सकाळी मोजतो. इंजिन चालू असलं की ऑल्टरनेटरने बॅटरी भरायला पाहिजे. चौदा व्होल्ट यायला पाहिजेत. येतात बारा! म्हणजे ऑल्टरनेटर मेलेला आहे. चांगला काढून हा मेलेला कोणी टाकला, त्या डॉक्टरने की तू, ते तुझं तू जाण."

"भाऊ, मी खुद चालवून आणली कुक्षीहून," नीलेश म्हणाला. कान लाल झाले होते, पण आवाज खालीच होता. "ऑल्टरनेटर ओरिजनल आहे. तुम्हाला मी खराब चीज देईन का?"

"दलाल असंच बोलतात."

हा शब्द भाऊ वापरतील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. नोकरी गेल्यावर नीलेश कित्येक महिने घराबाहेर पडत नव्हता. मग हळूहळू हे काम सुरू केलं, तेव्हा नातेवाइकांत हाच शब्द कुजबुजला जायचा, आणि तो सासूबाईंच्या कानावर पडू नये म्हणून मी किती जपलं होतं. आज तो त्यांच्याच ओटीसमोर माझ्या बापाच्या तोंडून आला. सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

भैयासाहेब खाकरले. "नीलेश भिया, मी बाद में येतो. तुमचं घरचं मॅटर आहे."

"बसा, बसा," भाऊच म्हणाले. "तुम्ही गाडी घ्यायला आलात ना? मग बघूनच जा. नंतर फसलो म्हणू नका."

भैयासाहेब परत टेकले. अवघडून, पण टेकले.

भाऊंनी बॉनेट उघडलं. इंजिन भुरभुरत होतंच. पिशवीतून मीटर काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि तारा आपल्याकडे घेतल्या. "अक्षदा, धर. मोठ्याने वाच."

लहानपणी हेच माझं काम होतं. शेजारपाजारचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या आमच्याकडे यायच्या. भाऊ तारा टेकवायचे आणि मी आकडे वाचायची. हळू वाचलं तर टपली बसायची. "मोठ्याने वाच, पॅनेलपर्यंत ऐकू गेलं पाहिजे," म्हणायचे. आमच्या घरात पॅनेल कुठलं! पण मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, आणि ते खूष व्हायचे. त्यांना वाटलं असेल की ती मुलगी अजून त्यांच्याच बाजूला उभी आहे.

त्यांनी तारांची टोकं बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर टेकवली.

"बारा पॉइंट एक," मी वाचलं.

"ऐकलं? गाडी चालू आहे, आणि बॅटरीवर बारा!" ते भैयासाहेबांकडे वळले. मग काळी तार तिथेच ठेवून लाल तार खाली नेली, इंजिनाच्या पोटाशी ऑल्टरनेटर असतो, त्याच्या मागच्या नटापर्यंत. "आता खुद्द ऑल्टरनेटरवर लावतो. म्हणजे कोणाला शंका नको. वाच."

मी बघितलं. आकडा स्थिर होता. मीटर खोटं बोलत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. हा आकडा मी वाचला तर नवरा सुटतो आणि बाप पडतो, एवढं मला कळत होतं. भैयासाहेब समोर आहेत, सासूबाई समोर आहेत. आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी भाऊंची दया नाही, रागच आला होता. तरीही जीभ उचलेना.

"वाच की!"

"चौदा पॉइंट तीन."

"नीट बघ."

"चौदा पॉइंट तीन, भाऊ."

नीलेशने मान वर केली नाही. भाऊ वाकलेलेच राहिले. त्यांनी तार पुन्हा टेकवली, दाबून टेकवली. आकडा तोच. ऑल्टरनेटर ठणठणीत होता, वीज बनत होती, फक्त ती बॅटरीत पोचत नव्हती. मध्येच कुठेतरी अडत होती. हे शोधायला भाऊंना काय वेळ लागणार! आयुष्यभर तेच केलं होतं. लाल तार त्यांनी हळूहळू वर आणली आणि बॅटरीच्या खुंटाला धरून बसलेल्या क्लॅम्पवर टेकवली. चौदा. मग बोटभर सरकवून क्लॅम्पच्या मधून डोकावणाऱ्या खुंटावर. बारा. इतके दिवस ते फक्त या खुंटावरच मोजत होते. बोटभर बाजूला कधी मोजलंच नव्हतं, कारण काय बिघडलंय आणि कोणी बिघडवलंय हे त्यांचं आधीच ठरलं होतं.

या वेळी ते मला वाच म्हणाले नाहीत. मी आपणहून वाचलं, आणि मोठ्याने वाचलं. "क्लॅम्पवर चौदा. खुंटावर बारा."

भाऊंचा हात क्लॅम्पपाशी जाऊन थांबला. क्लॅम्पवर त्यांनीच फासलेला ग्रीसचा जाड थर होता. ते त्या ग्रीसकडे बघत राहिले, आणि त्यांना जे आठवलं ते मलाही आठवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी भाऊंचा फोन आला होता. खंडेनवमीला गाडीची पूजा कशी केली ते सांगत होते. कारखान्यात त्या दिवशी सगळी लाइन बंद करून हत्यारांची, मशिनांची पूजा व्हायची, आणि प्रत्येक पॅनेलच्या हँडलला लाल नाडा बांधायचा मान भाऊंचा. निवृत्तीनंतर पहिलीच खंडेनवमी, पूजेला पॅनेल नाही, म्हणून गाडी. "आधी बॅटरीच्या तारा सोडल्या," ते कौतुकाने सांगत होते. "लाइन बंद केल्याशिवाय पूजा नाही. मग हळदकुंकू वाहिलं. गाडीला हँडल कुठलं? म्हणून त्या बॅटरीच्या खुंटालाच नाडा गुंडाळला, चांगला तीन पदरी." आणि पूजेचा नाडा सोडायचा नसतो, तो आपला आपण गळून पडायचा. दसऱ्याला भाऊंनी त्यावरूनच क्लॅम्प ठोकून बसवला आणि वरून ग्रीस लावलं. लोखंड आणि शिसं यांच्या मध्ये सुताचे तीन पदर! एखाद्या शिकाऊ पोराने असं केलं असतं तर भाऊंनी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

त्यांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इतका वेळ भुरभुरणारं इंजिन बंद पडलं आणि अंगण एकदम मोकळं वाटायला लागलं. पान्याने त्यांनी क्लॅम्प सैल केला, वर ओढला. खालून नाडा निघाला, काळपट, कडेला पांढरी बुरशीसारखी पूड धरलेला, मध्ये कुठेतरी अजून कुंकवाचा रंग होता. मी शेजारीच उभी होते, मला दिसला. नीलेश बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला होता. बाकी कोणाला दिसला नसता.

भाऊंनी तो डाव्या मुठीत घेतला. रुमालाने खुंट पुसला, क्लॅम्प परत घट्ट केला, बॉनेट आपटलं.

"लूज होतं," ते म्हणाले. "क्लॅम्प लूज होता. झालं नीट."

एवढंच. ना वर बघितलं, ना नीलेशचं नाव घेतलं. क्लॅम्प लूज होता म्हणजे काय, कोणी लूज ठेवला? अंगणात ज्याने त्याने आपलं समजून घ्यावं. दलाल हा शब्द जिथे पडला होता तिथेच पडून राहिला.

माझ्या बापाने माझ्यासमोर चोरी केली होती, आणि मीच हातात मीटर धरून साक्षीदारासारखी उभी होते. लहानपणी मला त्यांच्याइतकं खरं माणूस जगात दुसरं वाटायचं नाही. मीटरचा आकडा अर्धा जरी चुकीचा वाचला तरी चालायचं नाही त्यांना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नीलेशकडे बघवेना, सासूबाईंकडे तर नाहीच नाही.

भैयासाहेब उठले. पायात चपला सरकवल्या. "बरं नीलेश भिया, निघतो मी. जीपचं देखेंगे फिर."

"जी," नीलेश म्हणाला. त्याने त्यांना थांबवलं नाही, काही समजावलं नाही. त्याला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मला वाटलं, आता सांगेल, आता सांगेल. भैयासाहेब फाटकापर्यंत गेले.

नीलेशने कठड्यावरचा तांब्या उचलला, भाऊंनी नाकारलेला तोच, आणि अंगणाच्या कडेला तुळशीपाशी उभा राहिला. "भाऊ, हात धुऊन घ्या. या."

भाऊ गेले. त्यांनी उजवा हात पुढे केला. नीलेश धार सोडत होता. डावी मूठ तशीच आवळलेली.

"मूठ उघडा भाऊ," नीलेश एकदम हळू म्हणाला. "बॅटरीचं तेजाब आहे त्याच्यात, ॲसिड. हात जळेल."

म्हणजे त्याने पाहिलं होतं. तो आईकडे पाठ करून, भाऊंना पूर्ण झाकून उभा होता, आणि मला तेव्हा कळलं की पाठ मुद्दाम केली आहे. नाडा पाण्याबरोबर वाहून जावा आणि कोणाला कळू नये अशी सोय तो करत होता. ज्याने त्याला भर अंगणात दलाल म्हटलं, त्याची लाज झाकत होता. त्याच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं.

भाऊंनी मूठ उघडली नाही. हाताला झोंबत असणार, कपाळावर घाम आला होता. ते नुसते खाली, पाणी पडून झालेल्या चिखलाकडे बघत होते. मी कधीच बघितले नव्हते असे भाऊ. इतके लहान.

मी जवळ गेले. मीटर अजून माझ्या हातात होता. तो मी पिशवीत घातला आणि पिशवी त्यांच्या खांद्यावर अडकवली.

"भाऊ," मी म्हटलं, "भैयासाहेब चालले. मी वाचलं माझं. आता तुम्ही वाचा. मोठ्याने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं टपली बसेल. नीलेश म्हणाला, "अक्षदा, रहने दे ना," पण मी भाऊंवरची नजर काढली नाही.

भाऊ वळले आणि चालायला लागले. गाडीवरून पुढे गेले, फाटकातून बाहेर गेले. तुळशीपाशी हात धुवायला चपला काढल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. ऊन चांगलं तापलं होतं, रस्ता पोळत असणार. मी चपला उचलून मागे धावले, पण फाटकापाशीच थांबले, कारण त्यांनी हाक मारली होती.

"भैयासाहेब!"

कारखान्यातला आवाज. समोरच्या घराच्या खिडकीत दोन बायका आल्या. किराण्याच्या दुकानातला माणूस पुड्या बांधायचा थांबला. भैयासाहेब वळले.

भाऊंनी डावा हात पुढे केला आणि मूठ उघडली. तळवा लालभडक झाला होता, आणि त्यावर तो मळका नाडा.

"जावईबापूंची गाडी चांगली होती," भाऊ म्हणाले. "हा नाडा मी बांधला. माझ्या हाताने बांधला, त्यावर क्लॅम्प ठोकला आणि आरोप घेऊन इथवर आलो. त्यांना दलाल म्हणालो. आत्ता कळल्यावरसुद्धा लपवत होतो. तिकडे, आत. लूज होतं म्हणालो ना, ते खोटं."

प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते. आवाज मात्र उतरू दिला नाही, शेवटच्या शब्दापर्यंत गल्लीला ऐकू जाईल असाच होता.

भैयासाहेबांनी तळवा बघितला, नाडा बघितला. "हाताला आधी काही लावा भाऊसाहेब," म्हणाले. ते गेले. जीपचं काही म्हणाले नाहीत.

भाऊ परत आले, हळूहळू, तापलेल्या डांबरावरून पाय उचलत. मी चपला पुढे ठेवल्या, त्यांनी घातल्या नाहीत. फाटकाबाहेरच उभे राहिले. नीलेश मधे अंगणात होता, हातात रिकामा तांब्या. सासूबाई ओटीच्या पायरीवर. भाऊंनी त्या दोघांकडे बघायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही, म्हणून माझ्याकडे बघितलं.

"अक्षदा," ते म्हणाले. या वेळी मला एकटीलाच ऐकू यावं इतकं हळू. "आत येऊ का गं?"

हे घर काय माझं एकटीचं होतं, की मी या म्हणावं? मी सासूबाईंकडे पाहिलं.

त्या खाली उतरल्या, नीलेशच्या हातातला तांब्या घेतला आणि भरून आणायला आत गेल्या.